चार ओळींची गुप्त सूचना

नोकरीच्या सव्वीस वर्षांत माझ्या हातांतून जे कागद गेले, त्यांतल्या एकाचाही मजकूर मी कुणाला सांगितलेला नाही. आमच्या हिला नाही, मुलांना नाही, आणि निवृत्त झाल्यावर पेन्शनरांच्या बाकावर तर मुळीच नाही, कारण तिथे बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या चिंचवडभर होतं. एकाच कागदाचा मजकूर मला उघडपणे सांगता येतो. तो चार ओळींचा होता, आणि सगळ्या गावाला कळावा म्हणूनच लिहिलेला होता. तरीही तो गुप्त झाला, आणि तो गुप्त करणारा माणूस मीच होतो.

संपादकांनी ‘तुमच्या खात्यातलं काहीतरी मजेदार लिहा’ असं कळवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. आमच्या खात्यात मजेदार काही घडलं तर त्याची चौकशी होत असे. पण हौसाबाई गेली असं मागच्या महिन्यात कळलं, आणि वाटलं की आता हे लिहून ठेवायला हवं.

चिंचवडच्या पुढे, रेल्वेलाइन ओलांडून डोंगराच्या बाजूला लष्कराचा एक डेपो होता. नाव सांगत नाही. बंदी आहे म्हणून नव्हे, जीभच वळत नाही. डेपो म्हणजे कोठार. महायुद्ध संपल्यावर उरलेला दारूगोळा तिथे आणून ठेवला होता, आणि पन्नास सालानंतर त्यातला बराचसा जुना, बिनभरवशाचा झाला होता. मी तिथल्या कचेरीत रेकॉर्ड कारकून होतो. त्या वेळची पिंपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींचा कॅम्प, पेनिसिलिनचा नवा कारखाना आणि या दोहोंच्या मधे बाभळी. मी चिंचवडहून सायकलनं जात असे. वाटेत कारखान्यातली मंडळी भेटत. आमच्याकडे आज अमुक झालं, तमुक साहेब आले, असं ती मोठ्यानं सांगत आणि मग माझ्याकडे बघत. मी हवापाण्यावर बोलत असे. थोड्याच दिवसांत माझं नाव ‘हवामान खातं’ पडलं.

माझं काम बाहेरच्या माणसाला समजायला अवघड नाही. माझ्या टेबलावर चार रबरी शिक्के असत. चारांचा अर्थ चढत्या भाजणीनं एकच: हा कागद कुणाला दाखवायचा नाही. पहिल्या शिक्क्याचा कागद बाहेर नेऊ नये, दुसऱ्याचा टेबलावर सोडून उठू नये, तिसऱ्याचा कुलपात ठेवावा आणि चौथ्याचा माझ्यासारख्यानं पाहूसुद्धा नये. शिक्क्याचा कागद पाठवायचा तर दोन पाकिटांत. आतल्या पाकिटावर शिक्का आणि लाखेची मोहर, बाहेरचं पाकीट साधं. घेणाऱ्याची रजिस्टरात सही घ्यायची. रोज संध्याकाळी केराची टोपली, वापरलेले कार्बन आणि टीपकागद मागच्या अंगणात जाळायचे. टीपकागद का, असं नवीन माणूस विचारी. शाई टिपलेला टीपकागद आरशापुढे धरला की अक्षरं सरळ दिसतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीच शोधून काढलं होतं, आणि ते साहेबांच्या कानावर जाईल अशी व्यवस्थाही केली होती.

म्हणजे मी ताकही फुंकून पिणारा माणूस होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. एकदा चिंचवडचे एक शाळामास्तर आले. आमच्या आवारात पाऊस मोजायचं नळकांडं होतं. मास्तरांना भूगोलाच्या तासासाठी गेल्या वर्षाच्या पावसाचे आकडे हवे होते. मी विचार केला, पाऊस किती झाला हे कळलं की कोठारात ओल किती आली असेल हे कळेल, ओल कळली की माल कसा आहे हे कळेल. नाही म्हणालो. मास्तर शांतपणे म्हणाले की अहो, तोच पाऊस आमच्या शाळेच्या पत्र्यावरही पडतो. त्यांनी शाळेच्या अंगणात डबा ठेवला आणि पुढच्या वर्षी आकडे स्वतः काढले. ही गोष्ट मी बरीच वर्षं माझ्या दक्षतेचं उदाहरण म्हणून सांगत असे. हल्ली सांगत नाही.

आता त्या कागदाकडे येतो. जुना दारूगोळा नष्ट करायचा म्हणजे तो मोकळ्या जागी नेऊन, खड्ड्यात रचून, लांबून उडवून द्यायचा. डेपोच्या मागे दगडाची एक सोडून दिलेली खाण होती, तिथे हे काम हिवाळ्यात चाले. खाणीच्या पलीकडे एका गावाचं गायरान होतं. गावाचं नाव बदलून करंजवाडी म्हणतो. तीस-पस्तीस घरं, बहुतेक मावळी शेतकरी. गवत वाढलं की वणव्याच्या भीतीनं डेपोतलं गवत कापावं लागे, तेव्हा तिथल्या बायका रोजंदारीवर पास घेऊन आत येत. गायरान डेपोचं नव्हतं. गावचं होतं, आणि एरवी तिथे गुरं चारायला कुणाचीच हरकत नव्हती. फक्त उडवायच्या दिवशी, ठरलेल्या तासांत, खाणीपासून ओढ्यापर्यंतचा पट्टा रिकामा हवा असे. खाणीच्या काठावर लाल निशाण लावलेलं असे. पण खलाशांनी, म्हणजे डेपोतल्या हमालांनी, ते दिवाळीनंतर एकदा लावलं की ते होळीपर्यंत तसंच फडकत राही, आणि रोज दिसणाऱ्या निशाणाला कुणी भीत नाही.

त्या वर्षी नवीन आलेल्या मेजरसाहेबांनी ठरवलं की गावाला लेखी सूचना द्यायची. साहेब दक्षिणेकडचे, कमी बोलणारे. त्यांनी मला उडवण्याच्या कार्यक्रमाची फाइल दिली आणि गावासाठी सोप्या मराठीत सूचना काढायला सांगितलं. त्या फाइलवर तिसरा शिक्का होता, आणि तो रास्त होता. कुठला माल, किती, किती जुना, सगळं त्यात होतं. मी त्यातून फक्त चार ओळी काढल्या. येत्या बुधवारी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात खाणीत स्फोट करण्यात येतील. खाणीपासून ओढ्यापर्यंतच्या माळावर कोणीही माणसाने जाऊ नये, जनावरे नेऊ नयेत. दोन वाजल्यानंतर जाण्यास हरकत नाही. सर्वांस कळावे. साहेबांनी मसुद्यावर आणि गावाला द्यायच्या कागदावर सही केली, आणि मसुद्याच्या कोपऱ्यात ‘गावाला द्या’ असं लिहिलं.

कागद पुन्हा माझ्या टेबलावर आला. आमचा एक नियम होता, की गुप्त फाइलीतला मजकूर ज्या कागदावर उतरतो तो कागदही गुप्त. तो नियम मी नवीन कारकुनांना शिकवत असे. माझ्या चार ओळी त्या फाइलीतूनच आलेल्या होत्या. मी क्षणभर थांबलो का, हे मला खरंच आठवत नाही. मी तिसरा शिक्का उचलला, ‘सर्वांस कळावे’ या शब्दांच्या वर मारला, कागद दोन पाकिटांत घातला, लाख लावली आणि पाकीट करंजवाडीच्या पोलीस पाटलांच्या नावे शिपायाबरोबर पाठवलं. शिपाई सही घेऊन आला. रजिस्टर बंद करून मी घरी गेलो.

करंजवाडीचे पाटील युद्धात ब्रह्मदेशात जाऊन आलेले निवृत्त हवालदार होते. गावात इंग्रजी शिक्का ओळखू शकणारा तेवढा एकच माणूस, आणि नेमका तोच आमच्या वाट्याला आला. दुसरा कुणी असता तर शिक्क्याकडे न पाहता त्यानं दवंडी पिटली असती. पाटलांनी पाकीट दार लावून उघडलं, कागद वाचला, आणि पदकांच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

बुधवारी साडेअकराच्या सुमारास खाणीतून उडालेला एक तुकडा ओढ्याच्या अलीकडे धोंडिबा नावाच्या माणसाला लागला. तो जागीच गेला. त्याच्याबरोबर दोन बैल आणि काही शेळ्या होत्या. घोंगडीच्या खोळीत काडतुसांची दोन रिकामी पितळी टोपणं सापडली.

पुढचा अहवाल मी टाइप केला. मजकूर वरून आला होता, तरी बोटं माझी होती. ‘गावास लेखी सूचना देण्यात आली होती. मयत इसम पितळ चोरण्याच्या उद्देशाने मनाई केलेल्या जागेत शिरला.’ पुरावा म्हणून रजिस्टरातली पाटलांची सही. कागदोपत्री यात काही खोटं नव्हतं. अहवालाचा परिणाम म्हणून धोंडिबाच्या बायकोचा, हौसाबाईचा, गवतकापणीचा पास रद्द झाला. चोराच्या घरच्या माणसाला दारूगोळ्याच्या आवारात घ्यायचं नाही, हाही नियमच होता.

पंधरा दिवसांनी ती फाटकावर आली. पहारेकऱ्यानं मला बोलावून घेतलं. त्या काळी आम्ही कारकून मंडळी खेड्यातल्या बायकांशी एकेरीत बोलत असू. मी तिला म्हणालो, पासाचं माझ्या हातात नाही, उगीच हेलपाटे घालू नकोस.

ती म्हणाली, “पास ऱ्हाऊ द्या. गावाला आधी सांगितलं व्हतं म्हनं. दवंडी तर कुनी ऐकली न्हाई. कागद धाडला असंल तर त्यो दावा.”

मी म्हणालो, तो कागद गुप्त आहे, दाखवता येत नाही.

“आमाला सांगितलं म्हनता,” ती म्हणाली, “आन् आमालाच दावता येत न्हाई?”

ती चिडून बोलली नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. आपल्याला कळत नाही असं यात काहीतरी असेल, असं गृहीत धरून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी पहारेकऱ्याला उगाच काहीतरी विचारलं. मग तीच म्हणाली की पितळ होतं, नाही म्हणत नाही. घराघरात आहे. शेळीच्या गळ्यात घंटा म्हणून बांधतात. “पन मालक चोर न्हवतं. गावात आता पोरंबी चोराची बाई म्हनत्यात. तेवढं पुसून द्या.” एवढं बोलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. फाटकासमोरच्या बाभळीखाली बसली आणि दुपारी उठून गेली. हे बरेच दिवस चाललं. मी सायकल मागच्या फाटकानं नेऊ लागलो.

त्याच आठवड्यात पिंपरी कॅम्पात पाव आणायला गेलो होतो. तिथे एका सिंधी शेठची बेकरी होती. शेठ सहज म्हणाला, त्या बुधवारी तुमच्याकडे वाईट झालं म्हणे. मी माझ्या सवयीनं विचारलं, कुठला बुधवार? शेठ हसला. स्फोटाच्या दिवशी पुण्याहून बडे साहेब पाहणीला येत, आणि त्यांच्या न्याहारीसाठी दोन दिवस आधी पॅटिसांची ऑर्डर येई. पॅटिस सांगितले की शेठ ओळखत असे, परवा न्याहारीनंतर डोंगराकडे आवाज होणार. तो घरी बायकोला सांगे, बायको शेजारणीला. म्हणजे चार मैलांवरच्या कॅम्पात वारही माहीत होता आणि वेळही, आणि ज्यांच्या डोक्यावर ते पडणार होतं त्या गावात फक्त एका ट्रंकेला माहीत होतं. पाव घेतल्याशिवायच मी परत आलो, हे घरी आल्यावर आमच्या हिनं लक्षात आणून दिलं.

रविवारी मी करंजवाडीला गेलो. पाटलांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी चहा सांगितला. मग मी विचारलं, सूचना गावाला का नाही सांगितली? पाटील उठून आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. चांगला घडी करून, मेणकापडात गुंडाळलेला होता.

“भाऊसाहेब, शिक्का कुनी मारला?” पाटील म्हणाले. “फौजेत सोळा वर्सं काढली म्या. ह्यो शिक्का असला की जीभ कापली तरी बोलायचं न्हाई, ह्ये आमाला शिकवलंय.”

कागदावर ‘सर्वांस कळावे’ लिहिलंय ते वाचलं नाही का, असं मी विचारलं. वाचलं, म्हणाले. पण शिक्का मोठा का मजकूर मोठा? मला वाटलं हे आपली परीक्षाच घेतायत. नव्या कारकुनांना मी हेच शिकवत होतो. शिक्का मोठा.

पाटील दुष्ट नव्हते. त्या बुधवारी त्यांनी स्वतःची जनावरं दावणीला बांधून ठेवली होती, आणि हे गावाच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. सकाळी ते मुद्दाम धोंडिबाच्या दारावरून गेले होते, कारण त्याची गुरं रोज माळावर असत. शिक्का मोडायचा नव्हता आणि माणूसही मरू द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. ‘आज माळावर नगं, जनावरं वढ्याच्या पल्याड ने,’ एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. धोंडिबा नुसता हसला. हसण्याला कारण होतं. आदल्या वर्षी माळावर बिबट्या दिसला असं सांगून पाटलांनी आठ दिवस कुणाला तिकडे जाऊ दिलं नव्हतं, आणि त्या आठ दिवसांत माळावरचं अर्धं गवत पाटलांच्या गंजीत दिसलं होतं. बिबट्या खरा होता असं पाटील मला शपथेवर सांगू लागले. मी म्हणालो, असेल.

सोमवारी मी मूळ मसुदा काढून पाहिला. साहेबांची सही होती, ‘गावाला द्या’ होतं, आणि शिक्का मारा असं कुठेही नव्हतं. शिक्का मारायचा अधिकार अधिकाऱ्याचा, कारकुनाचा नव्हे. म्हणजे तो कागद नियमानं कधी गुप्त झालेलाच नव्हता. पण हे सांगायचं तर एकाच रीतीनं सांगता येत होतं. शिक्का मी कुणाच्या हुकमाशिवाय मारला असं मला लिहून द्यावं लागणार होतं. मी हेडक्लार्क होण्याच्या रांगेत पहिला होतो. शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी माझे स्नेही. त्यांना विश्वासात घेतलं तर ते म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला? अहवाल गेला, फाइल बंद झाली, माणूस परत येणार आहे का? कुलकर्णी काही चुकीचं सांगत नव्हते. मी दोन दिवस त्यांचं ऐकलंही. तिसऱ्या दिवशी मागचं फाटक दुरुस्तीसाठी बंद होतं आणि मला बाभळीसमोरून यावं लागलं. ती मान खाली घालून बसली होती. तिनं मला पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. त्याच दिवशी मी एक पानभर लिहून, पाटलांकडून मागून आणलेल्या त्या कागदासह साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत, पण चेहरा पडला, कारण ‘सूचना देण्यात आली होती’ या वाक्याखाली त्यांची सही होती. मग ते आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत बोलले, आणि आमच्या धंद्याबद्दल मी ऐकलेलं तेच सगळ्यांत शहाणं बोलणं आहे. माल किती आहे हे शत्रूला कळता कामा नये, आणि तो कधी उडणार हे शेजाऱ्याला कळलंच पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत असतात म्हणून त्या एक होत नाहीत. त्या वेगळ्या करायलाच तुला तिथे बसवलंय, शिक्का मारायला तर शिपाईही पुरे. मग त्यांनी विचारलं, तुझं हे पान फाइलीला लागेल, चालेल? मी हो म्हणालो. माझा आवाज फारसा धीराचा नव्हता.

साहेबांनी लाल शाईनं शिक्क्यावर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली. शिक्का काढायची हीच पद्धत होती, खोडरबर लावायचं नाही, काय खोडलं ते दिसलं पाहिजे. अहवालाला पुरवणी जोडली गेली: ‘सूचना गावात पोचली नव्हती. चोरीचा उद्देश होता असे म्हणण्यास आधार नाही.’ वर बराच पत्रव्यवहार झाला. हौसाबाईला पास परत मिळाला. माझ्या वैयक्तिक फाइलीत ‘अधिकार नसता शिक्का वापरला’ असा शेरा आला आणि हेडक्लार्क कुलकर्णी झाले. त्यांनी मला पेढा दिला, मी खाल्ला. तो शेरा पुढे मला तीनदा आडवा आला. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण तो शेरा खरा होता. नंतर मात्र डेपोतून गावांना जाणारी प्रत्येक सूचना मी स्वतः जाऊन चावडीवर वाचून दाखवत असे, आणि दवंडी झाल्याशिवाय परत निघत नसे. माझा सगळ्यांत मोठा गुण तोच, असं निरोपाच्या समारंभात कुणीतरी म्हणालं. तो गुण माझ्यात कुठून आला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

कागद मोकळा झाल्यावर साहेब म्हणाले, तो आता गावात नेऊन दे. सहा आठवड्यांपूर्वीच्या बुधवारची सूचना. वरातीमागून घोडं म्हणतात तसं ते होतं, पण मी गेलो. चावडीवर सगळं गाव जमलं होतं. हौसाबाई बायकांत पुढे बसली होती. पुरवणीतली दोन वाक्यं मी आधी सांगितली, चोरीचा आरोप मागे घेतल्याची. लोकांनी माना हलवल्या. मग तिनं सांगितलं, मूळ कागद पाटलांनीच वाचावा. पाटील उभे राहिले, आणि फौजेत वाचतात तशा खड्या आवाजात त्यांनी चार ओळी वाचल्या. बुधवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. खाणीपासून ओढ्यापर्यंत. दोन वाजल्यानंतर जाण्यास हरकत नाही. सर्वांस कळावे.

ती म्हणाली, पुन्हा वाचा. पाटलांनी पुन्हा वाचलं. या वेळी आवाज तितका खडा नव्हता.

“मालक रातभर खळ्यावर राखनीला व्हतं,” ती म्हणाली. पाटलांकडे नाही, कागदाकडे बघत. “सकाळी येऊन पडलं. म्हनलं, दोन वाजस्तवर उठवू नगं. मंग पाटील आलं, माळावर नगं म्हनून सांगून गेलं. तसं मालक उठून बसलं. म्हनलं, ह्यानं औंदाबी गवतावर डोळा ठेवलाय. आन् झोप टाकून गेलं.”

पाटील खाली बसले. मी उभाच होतो. तोवर माझी समजूत अशी होती की माझ्या शिक्क्यामुळे एका माणसाला वेळेवर सावध करता आलं नाही. तो माणूस झोपलेला होता. कुणी काहीच सांगितलं नसतं तर तो दोनपर्यंत झोपून राहिला असता. सगळं सांगितलं असतं तरीही झोपूनच राहिला असता.

तिनं पाटलांच्या हातातून कागद घेतला आणि मला विचारलं, “ह्यो आता कुनालाबी दावला तर चालंल न्हवं, भाऊसाहेब?”

“चालेल,” मी म्हणालो. “तुम्ही कुणालाही दाखवा.”

निघताना मी सायकल धरून वळून पाहिलं. ती कागद घेऊन एकेका घराच्या दाराशी थांबत होती. त्या आळीत वाचता कुणालाच येत नव्हतं. लोक कागद हातात घेत, शिक्क्यावरची लाल रेघ बोटानं चाचपून बघत आणि तिला परत देत. मग ती पुढच्या दाराशी जाई.